वायपर नेमका कुठून वाजतो

पावसात माझ्यासोबत गाडीत बसायला आमच्या घरचं कुणी तयार नसतं. बायको सरळ सांगते, "तुम्ही या मागून एसटीनं." कारण काय, तर डहाणूच्या रेल्वे फाटकाला गाड्यांची रांग लागलेली असते, वरून पाऊस, आणि शेजारच्या गाडीचा वायपर चूं-चूं करत असतो. माझ्या दाढा शिवशिवायला लागतात. मी काच खाली करतो आणि ओळख ना पाळख, त्या माणसाला ओरडून सांगतो, "अहो, तुमचा डावा हात पिळलाय." तो बिचारा स्वतःचा हात बघतो. वायपरच्या दांडीला आम्ही हात म्हणतो हे त्याला काय ठाऊक. तोवर फाटक उघडतं, मागचे हॉर्न मारतात आणि बायको कपाळाला हात लावून बसते.

तलासरीला हायवेच्या कडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. म्हणजे अजून आहे, भाचा बघतो. मी डहाणूला घरी निवांत बसावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. मी बसतोही. पण जरा बसलो की उठतो, उठलो की गेटापर्यंत जातो, गेटापर्यंत गेलो की रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत उभा राहतो. आयुष्यभर सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, हेडलाइट सगळं केलं, पण लोकांनी ओळखलं ते वायपरवाले मिस्त्री म्हणून. का, तर बाकीचे मिस्त्री वायपरला कामच समजायचे नाहीत. आवाज येतो म्हटलं की तेलाचे चार थेंब सोडायचे, नाहीतर ब्लेड बदलायचं, चला पुढे. अरे बाबा, आवाज कुठून येतो ते तरी बघ. ताप आला की कुणी बनियन बदलतं का?

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉनेटखाली एक छोटी मोटर असते. ती गोल फिरते. तिला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या त्या गोल फिरण्याचं इकडून तिकडे करतात. पट्ट्यांनी काचेखालच्या दोन खुंट्या हलतात. खुंटीवर हात, हातावर ब्लेड, ब्लेडला रबर. संपलं. जुन्या गाडीत यातलं काहीही वाजू शकतं आणि आत बसलेल्याला वाटतं की काचच वाजते. म्हणून पहिली गोष्ट ही करायची, की दोन्ही हात काचेवरून उचलून उभे ठेवायचे आणि मोटर चालू करायची. आवाज राहिला तर दोष खाली आहे, मोटरीत, पट्ट्यांत, नाहीतर खुंटी ज्या नळीत फिरते त्या बुशात. आवाज गेला तर दोष वर आहे, रबरात नाहीतर काचेत. निम्मं काम इथेच होतं आणि त्याला हत्यारसुद्धा लागत नाही.

मग बघायचं, वायपर जाताना थडथडतो की येताना. एकाच बाजूला थडथडत असेल तर हात पिळलेला आहे, रबर काचेवर सरळ उभं राहत नाही. पान्यानं हलकेच पीळ काढला की झालं. रबर कडक होऊन चिरलं असेल तर ते बोटालाच कळतं. पण रबर चांगलं आहे आणि तरी दोन्ही बाजूंना थडथडतोय, तर समजायचं की काचेवर काहीतरी आहे. आणि काचेवर काय लावलंय, असं ज्याला विचाराल तो सांगणार, "काहीच नाही." ट्रकवाले तंबाखू चोळतात, पाणी सरकून जातं म्हणून. कुणी बटाटा कापून घासतो. एकानं तर शॅम्पू लावला होता, पाऊस सुरू झाल्यावर समोर नुसता फेस. विचारलं तेव्हा तोही "काहीच नाही"च बोलला होता.

डहाणूशेजारच्या आगर गावची एक मावशी होती. सुक्या बोंबिलांचा धंदा, स्वतःचा जुना टेम्पो. समुद्राच्या खाऱ्या हवेनं खुंट्यांचे बुश गंजून इतके धरले होते की मोटर नुसती कण्हायची. हिनं आणि ड्रायव्हरनं काय केलं असेल? वायपरला दोरी बांधली, दोन्ही टोकं दोन खिडक्यांतून आत घेतली. एकदा त्यानं ओढायची, एकदा हिनं. अशा पावसात ही बाई जव्हारच्या बाजाराला जाऊन यायची. मी ते बुश उघडले, रॉकेलमध्ये भिजवले, घासले, ग्रीस भरलं. वायपर असा चालायला लागला की बघत राहावं. काही दिवसांनी मावशी परत दारात, कमरेवर हात ठेवून. "मिस्तरी, तू माझा नुकसान केलास. दोरी होती तवा हा मेला जागा तरी ऱ्हायचा. आता झोपतो." मी दोरी परत बांधून दिली नाही, पण क्षणभर विचार केला होता हे खरं.

असे किस्से मी कितीही सांगेन. बायको म्हणते की मी हे सगळं सांगतो ते एक सांगायचं टाळण्यासाठी. तिचं बरोबर आहे. त्या घोलवडच्या जीपशी आलो की माझा पाय मागे येतो. पण जी गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही ती सोडून बाकीचं छापायला देणं म्हणजे शुद्ध लबाडी झाली.

घोलवडला किरीटभाईंची चिकूची वाडी आहे. घरात गुजराती, बाहेर मराठी. वडील वारल्यावर वाडी त्यांनी सांभाळली, चांगली सांभाळली. माणूस तापट, पण मनात ठेवणारा नाही. त्यांची एक जुनी डिझेल जीप होती. सकाळी ती पोरांना शाळेत सोडायची आणि मग चिकूच्या पेट्या घेऊन स्टेशनला. चालवायचा देवजी, तलासरीकडच्या पाड्यावरचा. आधी त्याच वाडीत चिकू तोडायला लागला, मग पॅकिंगला, मग गाडी शिकला. चार शब्दांत भागत असेल तर तीनच बोलणारा माणूस.

आषाढात किरीटभाई देवजीला घेऊन माझ्या दुकानात आले. "मिस्त्री, हा वायपर बंद करा नायतर मी गाडी समुद्रात टाकीन. डोकं उठलं." मी हात उचलून मोटर चालू केली. गप्प. काचेवर ठेवले, पाणी मारलं, की दोन्ही बाजूंना थडथड, थडथड. काचेवरून बोट फिरवलं तर बोट अडकत होतं. बारीक बारीक चिकट ठिपके, पार सुकलेले. चिकू तोडताना देठातून पांढरा चीक गळतो, तो. सुकला की रबरासारखा धरतो आणि वायपर त्यावरून उड्या मारत जातो. रॉकेलनं पुसलं, मग साबणानं धुतलं, आवाज बंद. मी आपला सहज बोललो, "किरीटभाई, गाडी झाडाखाली लावत जाऊ नका." त्यांनी देवजीकडे बघितलं. "शेड बांधून दिली आहे. तरी हा झाडाखाली लावतो?" देवजी रॉकेलचं फडकं घडी करत राहिला.

महिनाभरात जीप परत आली. या वेळी किरीटभाई ओरडत नव्हते, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. "मिस्त्री, परवा बोर्डीच्या वळणावर समोरून ट्रक आला, ह्याला दिसलाच नाही. थोडक्यात वाचलो. माझी मुलगी पुढे बसली होती. ती अजून जीपमध्ये बसायला रडते." मग देवजीकडे न बघता बोलले, "गाडीची काळजी नाय घ्यायची तर दुसरा माणूस बघावा लागेल."

मी काच बघितली. चीक होता, पण चार-दोनच ठिपके. काच बुळबुळीत होती. वास घेतला तर खोबरेल. आता आमच्या भागात चिकूचा चीक हाताला लागला की लोक हाताला खोबरेल चोळतात, त्यानं तो सुटतो. मला वाटलं, सापडलं. "देवजी, चीक काढायला काचेला खोबरेल लावलंस ना?"

त्यानं आधी काचेकडे बघितलं. "हो, काका."

मग मी त्याला चांगला फैलावर घेतला. हाताला चालतं, काचेला चालत नाही. तेलाचा पापुद्रा काचेवर बसतो. रबर त्यावर कधी घसरतं, कधी धरतं, म्हणून थडथडतं, आणि तेल खाऊन फुगतं ते वेगळंच. पण आवाज गेला खड्ड्यात, खरं संकट म्हणजे पाणी पुसलं जात नाही, फासलं जातं. समोरून उजेड आला की सगळी काच पांढरी. मागे किरीटभाई उभे राहून ऐकत होते. "हा महिना भर," ते देवजीला बोलले, "मग तुझी सुट्टी." देवजीनं मान हलवली. मी काच धुतली, नवी ब्लेडं घातली, वायपर मलईसारखा फिरायला लागला. ते गेले.

आणि माझं बिनसलं. जेवायला बसलो तर बायको बोलली, "ताटात बघा, भिंतीवर काय आहे?" माझ्या डोळ्यांसमोर ती काच होती. तेल फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या अर्ध्या काचेवर होतं. वरपासून खालपर्यंत, थरावर थर. दुसऱ्या अर्ध्या भागावर चिकाचे ठिपके होते तसेच होते. चीक काढणारा माणूस जिथे चीक आहे तिथे तेल लावील ना? आणि स्वतः ज्या काचेतून बघतो तीच रोज कशाला माखेल? देवजी खोटं बोलला होता, आणि ते स्वतःच्या नुकसानीचं खोटं होतं. कशासाठी, ते मला कळेना. मी कूस बदलत राहिलो.

सकाळी स्कूटर काढली. बायकोनं विचारलं, "कुणी बोलावलंय?" मी बोललो, "नाही."

वाडीवर पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. जीप झाडाखाली नव्हती, शेडमध्ये नीट उभी होती. तिच्या उजव्या चाकाशी चिकूची रिकामी पेटी उलटी घातलेली, आणि तिच्यावर किरीटभाईंची आई उभी. वाळलेली, उंच म्हातारी, फिकी साडी. सगळे तिला बा म्हणतात. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं ती ड्रायव्हरच्या समोरच्या काचेला तेल चोळत होती, लहान पोराच्या टाळूला चोळतात तसं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. आणि देवजी खाली वाकून दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरून बसला होता, म्हातारी पडू नये म्हणून.

त्यानं मला बघितलं. हळूच उठला, बा उतरेपर्यंत आधार दिला, आणि मला ओढतच पेट्यांच्या ढिगामागे घेऊन गेला.

"काका, बोलू नको."

"अरे, तुझी नोकरी चालली."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? पोरं बसतात त्या गाडीत."

"ती आत गेली की गाडी झाडाखाली नेतो, साबणानं धुतो. रोज धुतो. कधी शाळेला उशीर होतो, तवा राहतं."

"मग तिला सांग ना. बा, तेल लावू नका, दिसत नाही. विषय संपला."

देवजीनं मागे वळून बघितलं. बा पेटीवर बसून पुढच्या चाकावर फूल ठेवत होती. "काका, मोठे शेठ कसे गेले तुला ठाऊक आहे ना?"

ते सगळ्यांना ठाऊक होतं. किरीटभाईंचे वडील. विवळवेढ्याच्या पुढे, हायवेला, धो-धो पावसात त्यांची गाडी उभ्या ट्रेलरवर मागून आदळली. ट्रेलरला मागे दिवा नव्हता. सगळ्या घोलवडनं त्या ट्रेलरवाल्याला शिव्या दिल्या होत्या.

"त्या गाडीला पण बाच तेल लावायची," देवजी बोलला. "काचेवर पाणी टिकत नाय म्हणून. सासूनं शिकवलेलं. तवा पण पेटी मीच धरायचो."

काल मी ह्याच माणसाला, तेलानं काय होतं ते हातवारे करून शिकवलं होतं.

"तुला ठाऊक होतं, तेलानं दिसत नाही ते?"

"चालवतो ना मी, काका."

एवढंच. म्हणजे हा माणूस सगळं जाणून गप्प बसला होता. तेल वाईट हे बाला कळलं, तर ती तिथेच थांबणार नव्हती. ती मागे त्या दुसऱ्या गाडीपर्यंत जाणार होती. ते तिला कळू नये म्हणून हा घर चालवणारी नोकरी सोडायला निघाला होता. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. स्कूटर फिरवून घरी जावं असंही वाटलं. पण घरात कुणीतरी पोरांना दूध संपवा म्हणून दटावत होतं, ते शेडपर्यंत ऐकू येत होतं. आज तेल धुवायला वेळ मिळेल, उद्या मिळणार नाही. आणि पुढच्या महिन्यापासून तर गाडीवर नवा माणूस, ज्याला धुवायचं असतं हेच ठाऊक नाही.

मी शेडमध्ये गेलो. बानं मला ओळखलं. "आवो मिस्त्री. आवाज बंद केला म्हणे तू. लई चांगला केला."

"बा, एक सांगायचं होतं." मी वायपरच्या रबराला उगाच हात लावला. "ही नवीन रबरं आलीत ना, ती हलकी असतात. तेल लागलं की फुगतात. तेव्हा आता काचेला तेल नको."

"नवीन रबर?"

"हो. पूर्वीचं रबर वेगळं होतं. त्याला चालायचं."

"चालायचं?"

"चालायचं, बा. पूर्वीचा मालच वेगळा."

बा माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या तेलकट तळव्याकडे. मला वाटलं, सुटलो.

"शेठ त्या दिवशी निघताना बोलले होते," ती सावकाश बोलली, "आज काच धुरकट दिसते. मी बोलले, थांबा. आणि मी अजून थोडा तेल लावला."

देवजी पुढे झाला. "बा, त्या ट्रेलरला मागे लाईट नव्हती."

"हो," बा बोलली. "सगळे तेच सांगतात."

तेवढ्यात किरीटभाई पोरांना घेऊन बाहेर आले. मला बघून थबकले. "मिस्त्री, तुम्ही इथे? परत वाजतो?" मग देवजीकडे वळले. "आता काय केला तू?"

"त्यानं काय नाय केला," बा बोलली. मुलाशी ती गुजरातीतच बोलायची, तेव्हाही गुजरातीतच बोलली, इकडे ते सगळ्यांना कळतं. "काचेला तेल मी लावते. ह्या गाडीला पण, आणि तुझ्या पप्पांच्या गाडीला पण मीच लावायची."

किरीटभाई आधी आईकडे बघत राहिले, मग काचेकडे, मग माझ्याकडे. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मिस्त्री, खरं सांगा. तेलानं दिसत नाही का?"

दिसतं म्हटलं तर बोर्डीच्या वळणाचा दोष देवजीच्याच माथी बसून तो घरी जाणार होता आणि उद्या सकाळी बा पुन्हा पेटीवर चढणार होती. दिसत नाही म्हटलं तर काय होणार ते माझ्या समोरच बसलं होतं. किरीटभाई थांबले होते, देवजी नाही-नाही अशी मान हलवत होता, आणि बासुद्धा माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही. दुकानात गिऱ्हाईक बघतं तशी, दोष कुठे निघाला ते ऐकायला.

"पावसात नाही दिसत," मी बोललो.

बानं मान हलवली. पदराला हात पुसले, देवजीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि वाटी त्याच्या हातात दिली. "साबण आण," ती बोलली. "काच नीट धू. पोरांना शाळेला उशीर होतो."

देवजी निघाला, पण पाण्याची बादली किरीटभाईंनी आणली.